नोरूबोंगवरून दिसणारं गाव

१

ऑक्टोबर अर्धा सरला आणि डोंगर रंगावर आला, की आम्ही तिघं नोरूबोंग चढायला जायचो. मी, बोकनामताई आणि दोकचिल. तिघंही कोम्नेचे. कोम्ने हे त्या डोंगराच्या पायथ्याचं कोळसाखाणीचं गाव. आता ते नाही. खाण बंद पडली, माणसं पोटामागे शहरांकडे गेली, कंपनीच्या चाळी पाडल्या आणि त्या जागेवर सरकारनं लार्चची झाडं लावली. आज तिथे गाड्या उभ्या करायची जागा आहे, स्वच्छतागृह आहे, डोंगराचा नकाशा रंगवलेली पाटी आहे. बाकी सगळं रान.

म्हणून आमचं गाव बघायला आम्ही डोंगरावर जायचो. वरून बोट दाखवायला बरं पडतं.

दोकचिल माझ्या वर्गातला. खाण बंद होईपर्यंत खाणीतच होता. सुरुंगांनी त्याचा डावा कान नेला आणि धुळीनं छातीत खोकला ठेवला. आता वोंजू शहरात टॅक्सी चालवतो. सकाळी तो आम्हा दोघींना घरून उचलायचा. बोकनामताई माझ्याहून बरीच मोठी, सत्तरी ओलांडलेली. वोंजूच्या बाजारात तिचं शेवयांचं दुकान आहे. गिऱ्हाईकानं वाडग्यात शेवया टाकल्या तर ती दुकानातून बाहेर जाऊ देत नाही, असा तिचा लौकिक. डोंगराच्या दिवशी दुकान बंद. दारावर पाटी लावायची, ‘माहेरी गेले आहे’. माहेर म्हणजे दगड आणि झाडं, पण ती तसंच लिहायची.

त्या वर्षी चौथी आली ती माझी सून, युरिम. बुसानची, समुद्राकाठची पोरगी. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि माझा मुलगा जिनहो कामासाठी बाहेरगावी होता. मला म्हणाली, आई, तुमचं गाव दाखवा की मला. मी म्हटलं, गाव राहिलं नाही गं, डोंगर आहे. तर म्हणते, मग डोंगर दाखवा.

तिच्या गळ्यात दुकानातली चांगली दुर्बीण होती आणि पायात पांढरेशुभ्र बूट. बोकनामताईनं गाडीत बसता बसता ते बूट बघितले.

“हे चढायला आणलेस का फोटो काढायला?”

“दोन्हीला, मावशी,” युरिम म्हणाली. ताईला उत्तर देणारी माणसं आवडतात. ती सरकली आणि तिला शेजारी जागा केली.

२

नोरूबोंग फार उंच नाही. गांगवॉन प्रांतात त्याच्याहून थोरले भाऊ पुष्कळ आहेत आणि लोक त्यांच्याकडे धावतात. पण मला विचाराल तर शरदात त्याच्या तोडीचा डोंगर मी पाहिलेला नाही. खाली लार्च पिवळे पडलेले असतात, असे की ऊन नसलं तरी ऊन पडल्यासारखं वाटतं. त्यांच्यावर मेपलची रांग, लाल, आणि ते लालही एक नाही. एकाच फांदीवर शेंगदाण्याच्या सालापासून रक्तापर्यंत. मग रान विरळ होतं, उंच गवताचे रुपेरी तुरे लागतात आणि वारा आला की अख्खी सोंड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळते. सोंडेच्या वर काळा कातळ आणि त्याच्यावर आकाश. इतकं निळं की बघताना दातांना थंडी वाजावी.

आम्ही सावकाश चढत होतो. त्या दिवशी मधलाच वार होता, त्यामुळे वाटेवर कोणी नव्हतं. महिनाभर पाऊस नसल्यानं पाचोळा पापडासारखा वाजत होता. ओढ्याच्या पुलावर ताई थांबली आणि युरिमला म्हणाली की हे पाणी आमच्या वेळी काळं होतं. काळं म्हणजे शाईसारखं. शाळेत चित्र काढायला सांगितलं की कोम्नेची सगळी मुलं ओढा काळ्या खडूनं रंगवायची. राजधानीतून, सोलहून नवीन आलेल्या बाईंनी सुनीमला, म्हणजे मला, त्यावरून उभं केलं होतं आणि विचारलं होतं की पाण्याचा रंग कुठला. मी म्हटलं, काळा. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. दुसऱ्या दिवशी दोकचिलनं बाटलीत भरून पाणी आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“मार कोणाला बसला?” युरिमनं विचारलं.

“बाटलीला बूच नव्हतं,” दोकचिल म्हणाला. “मलाच.”

असं आमचं चालायचं. एक वळण, एक आठवण. हिवाळ्यात चुलीला लागणारे कोळशाचे गोळे, पगाराच्या दिवशी भाजणाऱ्या डुकराच्या मांसाचा वास, खाणीच्या न्हाणीघराच्या दारात आपापल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या आणि सगळ्यांचे चेहरे काळे म्हणून कोणाच्याही हाताला धरणाऱ्या बायका. युरिम पोट धरून हसत होती. मला मनातून फार बरं वाटत होतं. सून आपल्या गावावर हसते आणि ते गाव तिला आवडतंय, हे सुख मी कधी मागितलं नव्हतं.

खिंडीत पोचलो तेव्हा जुनी वाट दिसली. डावीकडून वर येते. आता तिच्यावर झुडपं माजली आहेत, दोरी बांधून ती बंद केली आहे. ती वाट खाणीच्या वरच्या बोगद्याकडून येते. त्र्याहत्तर साली शरदातच त्या बोगद्यात पाणी फुटलं. आत असलेल्या माणसांना बाहेर काढता आलं नाही. पुढे पाणी हटेना, म्हणून बोगद्याचं तोंड सिमेंटनं लिंपून टाकलं. माझे वडील आत होते. मी नऊ वर्षांची होते. बोकनामताईचा नवरा आत होता. ताईच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

हे युरिमला ठाऊक होतं. ती दोरीपाशी थांबली. ताईनं मात्र बाटली काढून पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, “चला, भूक लागली मला.”

३

शिखरावर डोंगराचं नाव कोरलेला दगड आहे. त्याच्यामागे वारा लागत नाही, तिथे आम्ही चटई पसरली. किमबापचे, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचे, डबे, उकडलेली अंडी, काकड्या, ताईनं घरी केलेली मोहरीतली मुळ्याची लोणची, आणि थंडगार माक्कोल्ली. तांदळाची ती दारू डोंगरावर जशी लागते तशी खाली कुठेच लागत नाही, हे दोकचिल दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी ते खरं असतं.

युरिम उभीच होती. चारी दिशांना डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, जवळची हिरवी-तांबडी, मग निळी, मग राखी, मग शेवटची नुसती असल्याचा भास. पूर्वेला एक चकचकीत रेघ होती, तो समुद्र. ती चारी बाजूंना वळून आली. मग म्हणाली, “आई, तुम्ही एवढ्या सुंदर जागी वाढलात होय?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण लहानपणी आम्ही कधी मान वर करून हा डोंगर बघितलाच नव्हता. आमच्यासाठी डोंगर म्हणजे ज्याच्या पोटात बापानं रोज जायचं ते.

पहिला घास ताई नेहमी खाली फेकते. ते सगळेच करतात, डोंगराचा वाटा म्हणून. पण ताई फेकताना नवऱ्याशी बोलते. त्या दिवशीही बोलली. म्हणाली, “काय अंधारात बसून राहिलायस रे तिथे खाली? एकदा वर ये. बघ तरी कशाच्या खाली बसलास ते.” दर वर्षीचं वाक्य. आम्ही दर वर्षीसारखं हसलो.

जेवण झाल्यावर काठीनं गाव दाखवायचा कार्यक्रम. दोकचिलनं काठी उचलली. खाली लार्चचा पिवळा पट्टा होता, ओढ्याच्या वळणापासून वाहनतळापर्यंत. तो सांगू लागला की ते वळण दिसतं ना, त्याच्या वर न्हाणीघर. तिथून उजवीकडे किराणा दुकान. मग शाळा. आणि शाळेच्या मागे चाळी.

युरिमनं दुर्बीण डोळ्यांना लावली होती. “हां, दिसल्या,” ती म्हणाली. “त्या लांब काळ्या छपरांच्या ना?”

४

आमच्या चाळींच्या छपरांवर डांबराचा कागद असायचा. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. दगडी कोळशाच्या गावात सगळंच काळं, तेव्हा छपरं काळी होती हे सांगायचं कोणाला सुचतं?

मला वाटलं, ती माझी मस्करी करते. मग वाटलं, ती भलत्याच खोऱ्यात बघते आहे. दुसरीकडे एखादं शेत असेल, त्यावर भाजीसाठी काळी कापडं टाकलेली असतील. मी तिला विचारलं की नक्की कुठे. तिनं दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली, माझे खांदे धरून मला नीट वळवलं, भिंगं फिरवून दिली.

लार्च. एकेक काडी दिसत होती, इतकी ती दुर्बीण चांगली. झाडं, आणि झाडांखाली झाडांची सावली.

“मला तर रानच दिसतंय गं.”

“आई, तुमचा नंबर वाढलाय. मी केव्हाची म्हणतेय, दुकानात या.” तिनं दुर्बीण परत घेतली. “पाच, नाही, सहा रांगा आहेत. मध्ये नळ आहे. सगळी माणसं बाहेर उभी आहेत. कार्यक्रम आहे का कसला?”

दोकचिलनं हात पुढे केला. त्यानं बराच वेळ बघितलं. मग दुर्बीण तिच्या हातात ठेवून म्हणाला, “रान आहे.” एवढंच. पण खाली बसला आणि डबे बंद करायला लागला. दोन अंडी उरली होती. दोकचिल कधी अंडं उरू देत नाही.

मी स्वतःशी हिशेब जुळवत होते. सिनेमावाले हल्ली जुन्या वस्त्या उभ्या करतात. आम्ही सकाळी तिथूनच आलो होतो, हे खरं. पण आम्ही वाहनतळावरून थेट पायऱ्यांना लागलो, बाजूला कोण गेलं होतं बघायला? आणि दुर्बिणीतून मला दिसलं नाही, त्याचं कारण डोळे. साठीला आले आहेत. हे सगळं मी अगदी शहाण्या बाईसारखं जुळवलं आणि ते जुळलंही. फक्त हातातला पेला मला खाली ठेवता येत नव्हता.

बोकनामताई युरिमकडे बघत होती, खोऱ्याकडे नाही.

“काय करतायत माणसं?” तिनं विचारलं.

“काही नाही. वर बघतायत. आपल्याकडेच. डोळ्यांवर हात धरलेत.” युरिमनं हात हलवला, जसा आपण लांबच्या बोटीला हलवतो. “दिसत नसू त्यांना आपण.” मग तिनं भिंगं फिरवली. “आता बायकाच राहिल्यात. पुरुष निघाले. आई, ते बघा ना, रांगेनं वर येतायत. डोक्यावर टोप्या, कसल्या त्या, बांधकामावर घालतात तसल्या. क्लब असेल एखादा.”

“कुठल्या वाटेनं?” दोकचिलनं विचारलं. त्याचा आवाज इतका हलका होता की मला वाटलं खोकला दाबतोय.

“डावीकडच्या. जिथे ती सिमेंटची भिंत आहे, तिथून.”

५

दोकचिल उठला आणि आपण निघू या म्हणाला. पलीकडून, देवळाच्या बाजूनं उतरावं असं त्याच्या मनात होतं. पण ती वाट दिवसभराची आणि ताईचे गुडघे आधीच भरून आले होते. तेव्हा आल्या वाटेनंच, पण लगेच. ते खिंडीत पोचायच्या आत आपण खिंड ओलांडू, असं तो म्हणाला. ‘ते’ म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बोकनामताई हलली नाही. “तुम्ही व्हा पुढे. मी थांबते.”

“ताई, वेडेपणा करू नकोस.”

“वेडेपणा? पन्नास वर्षं मी त्याला वर ये म्हणतेय. आता येतोय म्हटल्यावर पळून जाऊ?” ती हसली, तिच्या नेहमीच्या हसण्यानं. “गिऱ्हाईक दारात आल्यावर दुकान बंद करणाऱ्यातली मी नाही, दोकचिल.”

युरिम आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं, म्हातारी माणसं रुसवेफुगवे करतायत. तिनं ताईची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली, चटई झटकली, वारं सुटलंय, मावशी, घाम थंड होईल म्हणाली.

मी ताईच्या शेजारी बसले. तिचा हात धरला. “मला भीती वाटते, ताई,” मी म्हटलं. “मला एकटीला उतरवणार नाही. माझ्याबरोबर चल.”

तिनं माझ्याकडे बघितलं. खाणीत पाणी फुटल्यावर बोगद्याच्या तोंडाशी गाव जमलं होतं, तेव्हा माझी आई शुद्धीवर नव्हती, आणि मला ज्या बाईनं पदराशी, म्हणजे आपल्या कोटाच्या आत, घेऊन तीन दिवस उभं ठेवलं होतं ती ही. तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिला माझं ऐकावंच लागलं.

उतरताना कोणी आठवणी काढल्या नाहीत. पाचोळा वाजत होता तो आमचाच. शिखराखाली काळ्या कातळाचा टप्पा आहे. एका बाजूला उभा खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही, मधे एका माणसापुरती पायवाट आणि धरायला खडकात ठोकलेला दोर. दोकचिल पुढे, त्याच्यामागे ताई, मग मी, शेवटी युरिम. ऊन अजून लख्ख होतं. खाली मेपल पेटल्यासारखे दिसत होते.

मागून कोणीतरी खोकलं असं वाटून मी म्हटलं, दोकचिल, सावकाश. मग माझ्या ध्यानात आलं की दोकचिल माझ्या पुढे आहे. आणि खोकला मागून नव्हता, खालून होता. तो ओला, खोल, छातीच्या तळाशी कोळसा ढवळल्यासारखा खोकला मी लहानपणी भिंतीपलीकडून रोज ऐकलेला. एकानं खोकलं की दुसरा. मग आणखी एक.

दोकचिल थांबला. त्यानं मान न वळवता सांगितलं, “खडकाकडे तोंड करा. त्यांना आधी जाऊ द्या.”

६

आमच्या गावात सकाळच्या पाळीला निघालेल्या माणसाला बाईनं आडवं जायचं नसे. समोरून पुरुष येताना दिसले की बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत, ते निघून जाईपर्यंत. आम्हा पोरींनाही तीच सवय. मला कोणी काही सांगावं लागलं नाही. दोन्ही हातांनी दोर धरून मी कपाळ कातळाला टेकवलं. कातळ उन्हानं कोमट होता. त्याच्या भेगेत जांभळ्या फुलांचं एक झुडूप होतं, त्याच्यावर एक मधमाशी. मी त्या माशीकडे बघत राहिले.

आधी वास आला. ओल्या सुती कापडाचा, तेलाचा, आणि त्या काळोखाचा जो फक्त खोल जमिनीत असतो. मग पावलं. दगडावर रबराची. आणि प्रत्येक पावलाबरोबर बुटाच्या आत पाणी वाजत होतं. चुबुक. चुबुक. महिनाभर पाऊस नव्हता.

मी म्हटलं, ओढ्यातून आले असतील. ओढ्याला घोटाभर पाणी आहे. मी म्हटलं, क्लबच असेल. माझं डोकं अजून शहाण्या बाईसारखं काम करत होतं आणि तिचं मी काहीएक ऐकत नव्हते.

ते माझ्या पाठीला अंग घासून जाऊ लागले. तेवढ्या वाटेत दुसरा इलाजच नव्हता. थंडी कोटातून आत येत होती, जशी कोणी ओली चादर पाठीवरून ओढत न्यावी. मागे युरिमचा आवाज येत होता. तिनं तोंड खडकाकडे केलं नव्हतं; तिला का ते ठाऊकच नव्हतं. डोंगरावर भेटणाऱ्याला आपण म्हणतो तसं ती एकेकाला म्हणत होती, नमस्कार, सांभाळून, पुढे दोर आहे, धरा. आणि ते तिला उत्तर देत होते. हळू, लाजून, कोम्नेच्या बोलीत. ती बोली आता कोणी बोलत नाही.

एक माणूस माझ्यामागे थांबला. दम लागला असावा. दोराला धरायला त्यानं हात पुढे केला आणि तो हात माझ्या हाताशेजारी आला. मी बघायचं नाही म्हटलं होतं. पण डोळ्यासमोर आलेलं न बघायला डोळे काही दार नव्हेत. कोळशानं काळा, नखांपर्यंत काळा, आणि ओला. पाणी बोटांवरून माझ्या बोटांवर ओघळत होतं. हात तरुण होता. माझा त्याच्या शेजारी सुकलेल्या खजुरासारखा दिसत होता.

“आजी,” तो म्हणाला, “वर पोचायला अजून किती आहे?”

माझ्या वडिलांचा आवाज मला आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. त्यांचा एक फोटो आहे, आवाज नाही. तेव्हा तो आवाज त्यांचा होता असं मी म्हणणार नाही. तिशीतला कोणीही असू शकेल. एवढंच सांगते की त्या हातापासून मी माझा हात बाजूला घेतला नाही.

“आलंच, बाळा,” मी कातळाला म्हटलं. “एवढा खडक संपला की झालं. वरून फार छान दिसतं.”

“हो का,” तो म्हणाला. हात निघाला. चुबुक, चुबुक करत तो पुढे गेला.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला हालचाल झाली. बोकनामताईनं दोर सोडला होता आणि ती वळून, कातळाला पाठ लावून, वर जाणाऱ्यांकडे बघत होती.

७

खिंडीत पोचेपर्यंत कोणी मागे बघितलं नाही. वाहनतळावर आल्यावर युरिमनं दुर्बीण वर केली, शिखराकडे. म्हणाली, वर कोणी दिसत नाही, एवढ्यात कुठे गेले? दोकचिलनं गाडी सुरू केली होती. तिनं दुर्बीण खाली लार्चकडे वळवली, जरा गोंधळली, भिंगं पुसली आणि परत गळ्यात सोडली.

वाटेत ती त्या लोकांचं कौतुक करत होती. किती नम्र पोरं, आणि बिचारी भिजलेली. एकाला तिनं आपलं संत्रं दिलं, तर त्यानं दोन्ही हात पुढे करून घेतलं. कुठल्या क्लबचे ते विचारायचं राहिलं. दोकचिल आरशात माझ्याकडे बघत होता. माझ्या कोटाच्या पाठीवर काळा ओला पट्टा होता. तो मी घरी गेल्यावर धुतला आणि बादलीतलं पाणी शाईसारखं झालं. ते पाणी मी ओतून टाकलं. त्याच्याबद्दल मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, जिनहोलाही नाही.

त्यानंतर आम्ही नोरूबोंगला गेलो नाही. दोकचिल म्हणतो, छाती साथ देत नाही. मी म्हणते, गुडघे. युरिम दर शरदात विचारते, आई, या वर्षी? इतका सुंदर डोंगर मी दुसरा पाहिला नाही, असंही म्हणते. त्यावर मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण खरंच आहे ते.

ताईला मी हिवाळ्यात विचारलं. बर्फ पडत होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ती पिठाचा गोळा मळत बसली होती. मी म्हटलं, ताई, तू बघितलंस ना?

ती मळत राहिली.

“माझ्या हाताच्या अंतरावरून गेला,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघितलंही त्यानं. वाट दिली म्हणून मान लववली आणि गेला.”

“ओळखलं नाही?”

“कसं ओळखणार गं? त्याची बायको वीस वर्षांची आहे.”

तिनं पीठ उलटं केलं, तळव्यानं दाबलं. मग हाताच्या पाठीनं कपाळावरचे पांढरे केस मागे सारले आणि माझ्यासमोर वाडगं ठेवलं.

“किती लहान होता,” ती म्हणाली. “खा. थंड होतंय.”